दाद मागण्याचा हक्क
(लेखमाला : आपले मूलभूत हक्क – भाग ६)

मागच्या भागात कलम २१ पाहिले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हा हक्क पायदळी तुडवला गेला, तर दाद कुठे मागायची? कलम ३२ सांगते, थेट सर्वोच्च न्यायालयात. आणि अशी दाद मागणे हाही मूलभूत हक्कच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते.

या कलमाची ताकद मुंबईने पाहिली आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. गजाआडच्या गरीब बाईने वकील कुठून आणायचा? बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन या महिलांशी बोलायला सांगितले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे पहारा महिला पोलिसांचा असावा. महिलेची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटकेची खबर विधी साहाय्य समितीला आणि आरोपीने सांगितलेल्या नातेवाईकाला वा मित्राला तातडीने द्यावी. सत्र न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. आरोपीला हजर केल्यावर दंडाधिकाऱ्यांनी विचारावे : कोठडीत छळ झाल्याची काही तक्रार आहे का?

कलम २२ नुसार अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. त्या हजेरीला अर्थ येतो तो याच प्रश्नामुळे.

मात्र हा दरवाजा एकदा बंदही झाला होता. आणीबाणीत कलम ३५९ खाली न्यायालयात दाद मागणेच स्थगित केले गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते मान्य केले. विरोधातले एकमेव मत न्या. एच. आर. खन्ना यांचे होते. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज केली.

हक्क कागदावरून माणसापर्यंत पोहोचतो तो कुणीतरी दाद मागतो तेव्हाच. स्वतःला जमत नसेल, तर दुसऱ्याने त्याच्यासाठी मागावी, ही वाट आज खुली आहे. आपल्या ओळखीतल्या कुणाला अटक झाली, तर पहिल्या हजेरीला कोर्टात जरूर जा आणि तो प्रश्न विचारला जातो का, हे पाहा.

पुढील भागात : उच्च न्यायालयांचे अधिकार आणि कलम २२६.