समुद्राच्या थंडाव्यातून गोडे पाणी

चोहोबाजूंनी अथांग सागर आणि तरीही पिण्याच्या पाण्याची वानवा, ही लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांची जुनी व्यथा होय. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा जास्त झाला की विहीर मचूळ होते. या अडचणीवरचा उपाय शास्त्रज्ञांना समुद्रातच सापडला.

लक्षद्वीपनजीक समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअस असते. सुमारे ३५० मीटर खोलीवर ते १२-१३ अंशांपर्यंत उतरते. या फरकाचा उपयोग करणारा प्रकल्प चेन्नई येथील राष्ट्रीय सागरी प्रौद्योगिकी संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर उभारला.

त्याची पद्धत साधी आहे. डोंगरमाथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते व डाळ शिजण्यास वेळ लागतो, हे आपण जाणतो. येथे कोमट समुद्रजल जवळजवळ निर्वात अशा कक्षात सोडतात. चुलीवाचून त्यातील काही पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. खोल समुद्रातून नळाने वर आणलेल्या थंड पाण्याच्या योगाने ही वाफ निवते व गोडे पाणी मिळते. या प्रकल्पाची क्षमता दररोज एक लाख लिटरची. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती या बेटांवरही असे प्रकल्प सुरू झाले.

तथापि, पंप चालविण्यास वीज लागते. ती डिझेलवर निर्माण करावयाची तर डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने आणावे लागते. म्हणजे पाणी बेटावरचे. पण त्याचा भरवसा जहाजावर! म्हणूनच तापमानातील याच फरकावर वीज निर्माण करणारा ६५ किलोवॉट क्षमतेचा प्रकल्प कवरत्ती येथे हाती घेण्यात आला. कोमट पाण्याच्या उष्णतेने वाफ करून तिच्यावर जनित्र फिरवावयाचे, ही त्यामागील कल्पना.

हे काम सोपे नाही. तापमानातील फरक थोडा असल्याने उष्णतेपैकी फार तर सुमारे पाच टक्के भागाचीच वीज होऊ शकते, आणि त्यातूनही पंपांचा खर्च वजा जातो. थंड पाण्याचा लांबलचक नळ लाटा व प्रवाह यांना तोंड देत टिकवून धरणे, ही तर खरी कसोटी.

आपल्या कोकणात ही योजना का नको, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. मुंबईसमोरचा समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरापर्यंत उथळ आहे. थंड पाणी फार दूर राहते. लक्षद्वीपमध्ये मात्र खोल समुद्र किनाऱ्यालगतच आहे. विज्ञानाचा नियम सर्वत्र एकच असला, तरी योजना त्या त्या भूमीची रचना पाहूनच आखावी लागते.