हँडब्रेक ओढला होता, तरी जीप घरंगळली!

तळेगाव दाभाड्याहून चाकणला जाताना इंदोरी मागे पडली की भंडारा डोंगराची वाट लागते. संत तुकारामांच्या चिंतनाची जागा म्हणून हा डोंगर महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आता माथ्यापर्यंत गाडी जाते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रविवारी मी, माझा एक मित्र आणि आमच्या कॉलेजातले दोन विद्यार्थी मित्राच्या जुन्या जिपेतून वर निघालो होतो. निम्मा चढ संपला असेल नसेल, तोच मागचे डावे चाक पंक्चर झाले.

मित्राने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक कचकचून ओढला. जीप जागची हलेना. मग स्टेपनी उतरवली, नट सैल केले, मागच्या आसाखाली जॅक लावला आणि एक विद्यार्थी तो फिरवू लागला. चाक जमिनीपासून सुटायच्या बेतात आले आणि जीप चक्क मागे सरकू लागली! जॅक कलंडला, चाक धपकन खाली आले आणि जीप पुन्हा जागच्या जागी थांबली. हा सारा प्रकार दोन सेकंदांचा. जॅक फिरवणाऱ्या मुलाने क्षणभर आधी घाम पुसायला हात मागे घेतला होता, म्हणून त्याची बोटे वाचली.

आम्ही चौघेही काही वेळ गप्प होतो. मग दुसरा विद्यार्थी म्हणाला, "सर, मी पाहिलं. जीप मागे जात होती, पण उचललेलं चाक पुढच्या दिशेनं फिरत होतं!"

घाबरल्यामुळे त्याला भास झाला असावा, असे मला आधी वाटले. पण विचार करू लागलो तसे लक्षात आले, की सगळे कोडे त्याच्या त्या एका वाक्याने सुटत होते. ब्रेक नादुरुस्त असता, तर जीप आधीच घरंगळली असती आणि चाक टेकताच थांबलीही नसती. ब्रेक ठणठणीत होता. फक्त तो आम्हाला वाटत होते त्या जागी नव्हता.

साध्या मोटारीचा हँडब्रेक ओढला, की त्याच्या तारा मागच्या दोन्ही चाकांपर्यंत जातात आणि प्रत्येक चाकातला ब्रेक स्वतंत्रपणे आवळतात. जुन्या जिपेची रचना निराळी. तिचे मूळ घराणे विलिज जीपचे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेत ही वाहने हजारोंनी तयार झाली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. या जिपेत गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्स्फर केस. तिच्यातून एक लांब दांडा मागच्या आसाकडे जातो आणि दुसरा पुढच्या आसाकडे. यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून या पेटीच्या पाठीशी, मागच्या दांड्याच्या तोंडाशी बसवलेला असतो. म्हणजे हा ब्रेक चाकाला धरत नाही, दांड्याला धरतो.

असे का केले असेल? एक तर तो ड्रम चिखलापाण्यापासून जरा उंचावर राहतो आणि दोनऐवजी एकाच ब्रेकवर काम भागते. पण खरा फायदा गणिताचा आहे. समजा, जिपेचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे आणि ८ मीटर गेल्यावर १ मीटर उंची वाढते असा चढ आहे. जिपेला खाली ओढणारे बल तिच्या वजनाच्या सुमारे एकअष्टमांश, म्हणजे १५० किलोग्रॅमच्या वजनाइतके, सुमारे १४७० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली, तर चाकांना थोपवण्यासाठी १४७० × ०.३५, म्हणजे सुमारे ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. टॉर्क म्हणजे पिळाचे बल. आता आसाच्या मधोमध जे दातेरी चक्र असते, त्यामुळे दांड्याचे सुमारे ५ फेरे झाले तेव्हा चाकाचा १ फेरा होतो. म्हणून दांड्याला धरणाऱ्या ब्रेकला फक्त पाचवा हिस्सा, सुमारे १०३ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क पेलावा लागतो. लहानसा ड्रम मोठे काम करतो तो असा. (अशा जिपेत हँडब्रेक ओढल्यावर गाडी किंचित हलून मग गच्च थांबते. दात्यादात्यांमधली मोकळीक भरून निघेपर्यंत ती हलते. तिला घाबरू नये.)

मग आमची जीप का घरंगळली? दांडा आणि दोन चाके यांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची पेटी बसलेली असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच सळईला ठोकून बसवली, तर वळताना एक चाक फरफटत जाईल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देते. अट एकच, दोघांची सरासरी ठरलेली. डाव्या चाकाचे फेरे ड, उजव्याचे उ आणि मधल्या मोठ्या चक्राचे म धरले, तर

ड + उ = २ × म

हे समीकरण पाठ करण्यापेक्षा करून पहा. एक पट्टी टेबलावर ठेवा. तिच्यावर आडवी एक गोल पेन्सिल ठेवा आणि पेन्सिलीवर दुसरी पट्टी. पेन्सिल घसरू नये म्हणून तिच्यावर दोन-तीन रबरबँड गुंडाळा. दोन्ही पट्ट्या एकाच दिशेला सारख्या सरकवल्या, तर पेन्सिल त्यांच्याबरोबर तेवढीच जाते. एकच पट्टी सरकवली, तर पेन्सिल तिच्या निम्मे अंतर जाते. आता मित्राला पेन्सिलीची दोन्ही टोके धरायला सांगा. पेन्सिल स्वतःभोवती फिरली तर चालेल, पण पुढेमागे सरकता कामा नये. वरची पट्टी उजवीकडे ढकला. खालची पट्टी आपोआप डावीकडे जाते.

दोन पट्ट्या म्हणजे दोन चाके आणि मित्राने धरलेली पेन्सिल म्हणजे ब्रेकने धरलेला दांडा. म शून्य झाला, की ड + उ = ०. दोन्ही चाके जमिनीवर असताना ती एकमेकांच्या उलट फिरू शकत नाहीत, कारण गाडी एकाच वेळी पुढे आणि मागे जाणार कशी? म्हणून दोन्ही शून्य आणि जीप खिळल्यासारखी उभी. पण एक चाक अधांतरी झाले की त्याला कोणाचीच आडकाठी नाही. जमिनीवरचे चाक मागे घरंगळते, हवेतले तितक्याच वेगाने पुढे फिरते आणि दांडा आपला स्वस्थ! ते चाक पुन्हा टेकताच जीप थांबली, याचेही उत्तर त्यातच आहे.

आणि पहिला गिअर? तो टाकूनही उपयोग झाला नाही, कारण गिअरही त्याच दांड्याला धरतो. एका माणसाने धरलेली पेन्सिल दोघांनी धरली, एवढाच फरक. आम्हाला वाटत होते की आपण दुहेरी बंदोबस्त केला आहे. प्रत्यक्षात एकाच दाराला दोन कुलपे लावली होती आणि दुसरे दार सताड उघडे होते.

हे दुसरे दार बंद करायची सोय जिपेतच होती, हे मला अधिक लाजवणारे वाटते. गिअरच्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या असतात. त्यांतली एक पुढचा आस जोडते. ती टाकली की ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा आणि मागचा दांडा दात्यांनी पक्के जोडले जातात. मग मागच्या दांड्याला ब्रेक लागला म्हणजे पुढच्यालाही लागला. मागचे एक चाक उचलले, तरी पुढची दोन्ही चाके जमिनीवर आहेत. त्यांचीही बेरीज शून्य आणि ती उलटसुलट फिरू शकत नाहीत, म्हणून जीप हलणार नाही. काही जिपांच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर फिरवायच्या चकत्या असतात. त्या मोकळ्या ठेवल्या असतील, तर मात्र पुढची चाके दांड्यापासून सुटलेली असतात आणि ही युक्ती फसते.

चारही चाके जोडल्याचा लाभ निसरड्या चढावरही दिसतो. घर्षणाचा गुणांक ओल्या चिखलात समजा ०.२ आहे. जिपेचे निम्मे वजन मागच्या चाकांवर, म्हणजे ६०० किलोग्रॅमचे. ती चाके जास्तीत जास्त १२० किलोग्रॅमच्या वजनाइतके घर्षण देतील. आपल्याला हवे १५०. जीप चाके न फिरताही घसरेल. चारही चाके धरली, तर २४० मिळतात आणि जीप उभी राहते.

आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात आज तयार होणाऱ्या गाड्यांचे काय? चाकणच्या कारखान्यातून महिंद्रची एक्सयूव्ही ५०० ही गाडी २०११ मध्ये बाहेर पडली. तिचा एक प्रकार चारही चाकांना शक्ती देणारा होता. त्याच वर्षी पुण्यात लँड रोव्हर गाड्यांची जोडणी सुरू झाली, कारण ती कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली होती. अशा नव्या गाड्यांत हँडब्रेक पुन्हा मागच्या चाकांवर गेला आहे. एक चाक उचलले, तरी दुसऱ्याचा ब्रेक त्याच चाकाला धरून असतो. अर्थात तो निम्माच उरतो, हे विसरता येत नाही. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर मात्र २०१६ मध्ये बंद होईपर्यंत दांड्यावरचाच ब्रेक वापरत होती.

नव्या गाड्यांत एक वेगळीच अडचण येते. समजा गाडी चालत आहे, चारही चाके एकमेकांशी पक्की जोडलेली आहेत आणि कोणी हँडब्रेक ओढला. मागची चाके अडली की मागचा दांडा अडतो, त्याच्याबरोबर पुढचा दांडाही, आणि पुढची चाकेही थांबू पाहतात. अडलेल्या चाकांना स्टिअरिंग वळवता येत नाही. गाडी सरळ रेषेत घसरत जाते. यावर उपाय म्हणून बऱ्याच गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये पक्के दाते नसून चकत्यांचा क्लच असतो. तो विजेवर चालणाऱ्या यंत्रणेने आवळला किंवा सैल केला जातो. हँडब्रेक ओढल्याची सूचना मिळताच ही यंत्रणा क्लच सैल करते आणि पुढची चाके मोकळी राहतात. रॅलीचे चालक अवघड वळणावर मुद्दाम हँडब्रेक ओढून गाडीची शेपूट फिरवतात. त्यांच्या चारचाकी चालनाच्या गाड्यांतही हेच तत्त्व वापरतात. तुमच्या घरच्या गाडीत ते करून पाहू नका.

आता तर हँडब्रेकची दांडीच जाऊन बटण येऊ लागले आहे. बटण दाबले की मागच्या प्रत्येक चाकापाशी एक लहान विजेची मोटर घुर्र आवाज करते आणि एक स्क्रू फिरवून ब्रेकचे पॅड चकतीवर दाबते. मग वीज बंद होते. तरी ब्रेक सुटत नाही, कारण स्क्रूच्या आट्यांचा उतार इतका कमी असतो, की उलट दाबाने तो फिरतच नाही. आमचा जॅकही त्याच तत्त्वावर जीप उचलून धरत होता. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

त्या दिवशी मग आम्ही पुढचा आस जोडला, तिन्ही टेकलेल्या चाकांमागे उताराच्या बाजूला मोठे धोंडे लावले आणि पुन्हा जॅक फिरवला. या खेपेस जॅक माझ्या हातात होता.

जाता जाता तुमच्यासाठी एक कोडे. याच जिपेत पुढचा आस जोडलेला आहे, गिअर टाकलेला आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे. चाकांमागे धोंडे नाहीत. मागचे एक आणि पुढचे एक अशी दोन चाके एकाच वेळी उचलली, तर जीप उभी राहील का? दोन पेन्सिली आणि चार पट्ट्या घ्या, म्हणजे झाले.