खाजगी पत्र आणि छापील वार्ता : लुईस-क्लार्क मोहीम

अमेरिकेच्या पश्चिम सीमेपलीकडे पॅसिफिकपर्यंत गेलेली लुईस-क्लार्क मोहीम २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. तिची वार्ता वृत्तपत्रांत पोहोचली ती क्लार्कने केंटकीतील भावास लिहिलेल्या पत्रामुळे. वरकरणी कौटुंबिक असलेल्या या पत्राचा मसुदा लुईसचा होता. क्लार्कने तो केवळ स्वहस्ताक्षरात उतरविला. ते छापले जावे हाच हेतू होता. म्हणूनच त्यात घरगुती विचारपुशीपेक्षा नद्या, पर्वत, अंतरे आणि फरच्या व्यापाराची शक्यता यांनाच अधिक जागा मिळाली. आजच्या प्रसिद्धिपत्रकाशीच त्याचे नाते जवळचे ठरते.

९ ऑक्टोबरला केंटकीतील फ्रँकफर्टच्या ‘पॅलेडियम’ने ते छापले. १७९२ च्या टपाल कायद्यानुसार मुद्रकांना आपापले अंक परस्परांस विनाशुल्क पाठविता येत, आणि आलेल्या अंकातील मजकूर जसाच्या तसा उचलणे यात कोणासही गैर वाटत नसे. परिणामी वार्ताहर न धाडताही देशभरच्या वृत्तपत्रांना वार्ता मिळाली. मात्र ती मोहिमेच्या नायकांनीच घडविलेली होती. बिडलने सिद्ध केलेला अधिकृत वृत्तान्त वाचकांच्या हाती पडावयास १८१४ साल उजाडले.