जुने फोटो पडद्यावर आणण्याआधी

आपल्या उधन्यात आता साठी असो, पंच्याहत्तरी असो की लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, जुन्या फोटोंचा व्हिडिओ हवाच असतो. मोबाइलमधलं साधं ॲपही त्यासाठी पुरतं. तरीही हॉलच्या मोठ्या पडद्यावर चेहरे धूसर दिसतात, नाहीतर कुणाचं तरी डोकं कापलं जातं. याचं कारण बहुतेक वेळा एडिटिंगमध्ये नसतं, फोटोंच्या तयारीत असतं. सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे नात्यातली अशी कामं माझ्याकडे येतात. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

पहिलं गणित पिक्सेलचं. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. नेहमीचा चार बाय सहा इंची फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे रुंदीला थोडे कमीच. ६०० डीपीआयला ३६०० बाय २४०० मिळतात. मग चेहऱ्याजवळ हळूहळू झूम केलं तरी फोटो फाटत नाही.

फोटो जितका छोटा, तितकं स्कॅन मोठं हवं. उधना-जळगाव रेल्वेने कामासाठी इकडे आलेल्या खानदेशी घरांत त्या काळचे फोटो मोजकेच असतात. मामांच्या साठीच्या व्हिडिओसाठी त्यांच्या वडिलांचा एकच फोटो सापडला, तोही मिलच्या ओळखपत्रावरचा, साधारण ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. ३०० डीपीआयला त्याची उंची जेमतेम ५३० पिक्सेल भरली असती. १२०० डीपीआयला ती २१०० च्या वर गेली आणि तो चेहरा पूर्ण पडद्यावर नीट दिसला.

दुसरी गोष्ट चौकटीची. प्रिंट ३:२ आणि पडदा १६:९, त्यामुळे वर-खाली थोडं कापलं जाणारच. काय कापायचं ते ॲपवर सोडू नका, स्वतः ठरवा. उभा फोटो ताणून आडवा करू नका. त्याचीच धूसर केलेली प्रत मागे ठेवा आणि मूळ फोटो मध्ये बसवा.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोला समांतर धरा. नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला तर पिक्सेल कमी होतात. फाइलला नाव देताना साल आधी लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. एका फोटोला पाच सेकंद धरले तर पाच मिनिटांत साठ फोटो बसतात. त्याहून जास्त घेतले तर पाहुणे जेवणाच्या रांगेकडे बघू लागतात.

रंग-उजेड जरूर सुधारा, ओरखडेही पुसा. पण ‘एआय’ने चेहरा स्पष्ट करताना जपून. जी माहिती फोटोत नाही ती हे तंत्र अंदाजाने भरतं. मामांच्या वडिलांचा फोटो मी तसा करून पाहिला, तेव्हा मामी लगेच म्हणाल्या, “हे आमचे मामंजी नाहीत.” त्यांच्या गालावरचा देवीचा व्रण गेला होता. आम्ही मूळ स्कॅनच वापरला. म्हणून मूळ स्कॅन नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता ठेवा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. कागदावरचा फोटो एकदा भिजला की परत मिळत नाही, त्यामुळे स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही असू द्या.

आणि सगळ्यात घाईचं काम कॉम्प्युटरचं नाहीच. जुन्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत कोण उभं आहे, हे सांगणारी माणसं घरात आता एक-दोनच उरली आहेत. फोटो उद्याही स्कॅन होईल, पण नावं आजच विचारायला हवीत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीजवळ अल्बम घेऊन बसा, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. तेच रेकॉर्डिंग पुढे व्हिडिओला आवाज म्हणून वापरता येईल. कुठल्याही गाण्यापेक्षा घरच्यांना ते जास्त आवडेल.