एम-वनचा बागुलबुवा आणि अकरावीचं पुस्तक



फर्स्ट इयरला ॲडमिशन झालं की हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री सिनियर दादा-ताईंकडून दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणजे मेसच्या भाजीबद्दल आणि दुसरी म्हणजे एम-वन, अर्थात इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा पहिला पेपर. "एम-वन निघाला की गंगेत घोडं न्हालं!" असं सांगणारे सांगून झोपी जातात आणि ऐकणारा मात्र रात्रभर पंख्याकडे बघत बसतो.

खरं सांगायचं तर एम-वनमध्ये जे नवीन असतं ते तेवढं भयंकर नसतं. गाडी अडते ती जुन्यावर. ते जुनं म्हणजे काय, ते कुठे सुटलं आणि पहिल्या महिन्यात ते कसं भरून काढायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

जुनं सुटलं कुठे?

अमेरिकेतल्या कॉलेजांत कॅल्क्युलसच्या आधी 'प्रीकॅल्क्युलस' नावाचा वेगळा कोर्स असतो. फंक्शन, लॉगॅरिदम, ट्रिगोनोमेट्री हे सगळं त्यात घोटून घेतात. आपल्याकडे डिप्लोमाला पहिल्या सेमिस्टरचं 'बेसिक मॅथेमॅटिक्स' बरंचसं तेच काम करतं. बारावीकडून येणाऱ्यांसाठी मात्र असा वेगळा कोर्स नाही. आपलं प्रीकॅल्क्युलस म्हणजे अकरावीचं गणिताचं पुस्तक!

आणि अकरावीचं काय होतं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. दहावीचा शीण काढायचा असतो, अकरावीला बोर्ड नसतं, आणि सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्केच, म्हणजे गणिताच्या ५० प्रश्नांपैकी १० च्या आसपास. हिशेबी मुलगा अकरावी सोडून बारावीच्या मागे लागतो, त्यात त्याचं चूक तरी काय? शिवाय सीईटीत ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तिथे ऑप्शनमध्ये किमती टाकून उलटं जाता येतं. एम-वनच्या पेपरात एकच गणित पानभर चालतं, ऑप्शन नसतात, आणि मार्क पायऱ्यांना असतात.

त्यात प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांत आलेल्यांचे, दाखल्यांसाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्यांचे पहिले काही आठवडे बुडालेलेच असतात. ते वर्गात येतात तेव्हा फळ्यावर मॅट्रिक्सचा धडा संपत आलेला असतो.

एक छोटं उदाहरण

समजा इंटिग्रेशनला असं गणित आलं: १ भागिले क्ष(क्ष + १). सर फळ्यावर चार ओळींत सोडवतात. पहिल्या ओळीत ते लिहितात, १/क्ष वजा १/(क्ष + १). हे कुठून आलं? पार्शल फ्रॅक्शनमधून, म्हणजे शुद्ध बीजगणित. खात्री करायची तर क्ष = २ ठेवा: डावीकडे १/६ आणि उजवीकडे १/२ − १/३, तेही १/६. दुसऱ्या ओळीत इंटिग्रेशन होतं: लॉग क्ष वजा लॉग (क्ष + १). तिसऱ्या ओळीत दोन्ही लॉग एकत्र येतात: लॉग क्ष/(क्ष + १). चौथ्या ओळीत कॉन्स्टंट मिळवला की उत्तर तयार.

चार ओळींत खरं कॅल्क्युलस किती? मुख्यतः दुसरी ओळ! पहिली आणि तिसरी ओळ जुनीच आहे. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण पुढे लाप्लास ट्रान्सफॉर्म उलटवताना हेच पार्शल फ्रॅक्शन पावलोपावली लागतात.

पहिली गोष्ट: कंस म्हणजे प्रसाद नव्हे

बीजगणितातल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या असतात. कंसाबाहेर काही दिसलं की आपण ते आतल्या प्रत्येकाला प्रसादासारखं वाटून टाकतो.

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असं लिहून मोकळे होतो. ९ + १६ चं वर्गमूळ ३ + ४ = ७ काढतो, खरं तर ते २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. साइन (३० + ६०) म्हणजे साइन ३० अधिक साइन ६० समजलं तर उत्तर १.३६६ येतं, आणि साइनची किंमत १ च्या वर कधीच जात नाही!

असं वाटप फक्त गुणाकारात चालतं. वर्ग, वर्गमूळ, साइन, लॉग यांपैकी कुणीही बेरजेवर असं वाटप करू देत नाही. शंका आली की साधे आकडे टाकून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी गोष्ट: फंक्शन म्हणजे एस.टी.चं तिकीट

मराठीत ज्याला फलन म्हणतात ते फंक्शन पुस्तकातल्या व्याख्येत फार रुक्ष वाटतं. एस.टी.त बसल्यावर ते लगेच कळतं. एस.टी.चं भाडं टप्प्यांवर असतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. टप्पे सांगा, कंडक्टरच्या मशीनमधून भाडं बाहेर येतं. एकाच टप्प्याला दोन वेगवेगळी भाडी येऊ शकत नाहीत, ही फंक्शनची अट. आता उलटं करा. भाड्यावरून नेमके किलोमीटर सांगता येतील का? नाही, कारण एकाच टप्प्यातल्या ४ आणि ५ किलोमीटरला भाडं सारखंच. म्हणून इथे इन्व्हर्स फंक्शन मिळत नाही.

पण थांबा, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे! म्हणजे भाडं नुसत्या टप्प्यावर नाही, प्रवासी कोण यावरही ठरतं. एकाऐवजी दोन गोष्टींवर अवलंबून असलेलं हे फंक्शन झालं. प्रवासी तोच ठेवून फक्त अंतर बदललं तर भाडं किती बदलेल, असं विचारणं हीच पार्शल डिफरन्शिएशनची मूळ कल्पना: एक चल हलवायचं, बाकीचे जागेवर धरून ठेवायचे. हे कळलं की त्या धड्याची निम्मी भीती जाते.

तिसरी गोष्ट: लॉग, टेबलाच्या पलीकडचं

बारावीला आपण लॉग टेबल पाहून फिजिक्स-केमिस्ट्रीची गणितं सोडवतो. टेबल बघता येतं, पण लॉग म्हणजे काय हे विचारलं की शांतता! लॉग हा फक्त एक प्रश्न आहे: १० चा कितवा घात केला म्हणजे १००० येतात? उत्तर ३, म्हणून १००० चा लॉग ३. जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले ते मोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. म्हणून गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. बेरजेचा लॉग मात्र सुटा होत नाही.

एम-वनमध्ये लॉगचा पाया बहुधा १० नसून 'ई' असतो, म्हणजे सुमारे २.७१८. कॅल्क्युलेटरवर 'लॉग' आणि 'एलएन' अशी दोन बटणं असतात ती याचसाठी. पहिलं १० च्या पायाचं, दुसरं 'ई' च्या पायाचं. १० चा एलएन काढून बघा, २.३०३ येईल. ओळखीचं वाटतं ना? केमिस्ट्रीत ज्याला डोळे मिटून पाठ केलं होतं तेच हे २.३०३!

चौथी गोष्ट: साइन आपल्याच घरचा

ट्रिगोनोमेट्रीचे फॉर्म्युले पाठ करायला पर्याय नाही, पण त्यांच्याशी ओळख झाली तर ते लवकर बसतात. आपल्या सातपुड्यातला तिरकामठा सगळ्यांनी पाहिलेला आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'ज्या' म्हणतात आणि वाकलेल्या दांड्याला 'चाप'. वर्तुळाचा कंस म्हणजे चाप आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे ज्या. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात याच ज्येच्या अर्ध्या भागाचा उपयोग आहे. अरबांनी 'ज्या'चं 'जिबा' केलं, स्वर न लिहिता ते 'जैब' वाचलं गेलं, जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ, म्हणून बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं 'सायनस' झालं आणि त्यावरून साइन. म्हणजे धडगावच्या डोंगरातली धनुष्याची दोरी जग फिरून 'साइन थीटा' बनून वर्गात आली आहे!

कॅल्क्युलसमध्ये कोन रेडियनमध्ये मोजतात, डिग्रीत नाही. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. साइनचं डिफरन्शिएशन कॉस येतं ते फक्त रेडियनमध्ये. कॅल्क्युलेटर रेडियनवर असताना साइन ३० दाबलं तर ०.५ ऐवजी −०.९८८ येतं. पेपर सुरू होण्याआधी हे सेटिंग बघून घ्या.

भाषेचा डोंगर

आता खरी अडचण. आपल्या हॉस्टेलवर अक्कलकुवा-धडगावची अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात भिली किंवा पावरी बोलतात. शाळा मराठीत झाली, सायन्स इंग्रजीत आलं. म्हणजे एम-वन ही त्यांच्यासाठी तिसऱ्या भाषेतली परीक्षा आहे. मी स्वतः कॉन्व्हेंटमधली. आमच्या खोलीत मी प्रश्न वाचून त्याचा अर्थ सांगते आणि माझी मराठी मीडियमची मैत्रीण बीजगणित करते, आणि बीजगणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पक्की आहे. इंग्रजी येणं म्हणजे गणित येणं नव्हे आणि इंग्रजी न येणं म्हणजे गणित न येणं तर मुळीच नव्हे.

गंमत म्हणजे पेपरातलं इंग्रजी फार थोडं असतं. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

'इव्हॅल्युएट' म्हणजे किंमत काढा.
'प्रूव्ह दॅट' म्हणजे उत्तर दिलेलंच आहे, तुम्ही वाट दाखवा.
'हेन्स' म्हणजे वर जे सिद्ध केलं तेच वापरा, नव्याने सुरुवात करू नका.
'विथ रिस्पेक्ट टू' म्हणजे कोणतं चल हलवायचं ते.
'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे दिलेल्या क्रमानेच.

असे तीसेक शब्द आले की पेपर वाचता येतो.

चार आठवड्यांचा बेत

रोज संध्याकाळी मेसच्या आधी पाऊण तास, बस्स! पहिला आठवडा अपूर्णांक, घातांक, कंस आणि पार्शल फ्रॅक्शनला. दुसरा फंक्शन, त्यांचे ग्राफ आणि लॉगला. तिसरा ट्रिगोनोमेट्रीला. चौथा डिटरमिनंट, कॉम्प्लेक्स नंबर आणि बारावीच्या डिफरन्शिएशनच्या उजळणीला. पुस्तक अकरावीचंच वापरा, महागड्या गाइडची गरज नाही. एका खोलीत तिघं-चौघं बसा आणि रोज एकाने एक गणित मोठ्याने बोलत सोडवा. जिथे बोलणं अडखळतं तिथेच गणित अडलेलं असतं. मोबाईलने फोटो काढला की उत्तर मिळतं हे खरं, पण परीक्षेला मोबाईल वर्गाबाहेरच राहणार!

आणि सर-मॅडमना एक नम्र विनंती. एआयसीटीईने सुचवलेल्या तीन आठवड्यांच्या इंडक्शन प्रोग्रॅममधले थोडे तास अकरावीच्या उजळणीला मिळाले तर? एक बिनमार्कांची चाचणी घेतली तरी कोण कुठे अडतंय ते पहिल्याच आठवड्यात कळेल. "हे तुम्हाला येतंच" असं म्हणून जी पायरी गाळली जाते, तिच्यावरच मागच्या बाकावरची चार मुलं थांबलेली असतात. ती प्रश्न विचारत नाहीत. बॅकलॉग लागतो, दुसरा लागतो, आणि घरून फोन येतो, "परत ये, शेतात माणूस नाही." मुलगा हुशार होता हे नंतर सगळे म्हणतात.

आपल्या खानदेशाला गणित नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं, त्याची ही नोंद. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीसुद्धा गणित समजावं म्हणून शिकवणारा, जागा आणि वेळ यांची सोय करावी लागत होती. ते आपोआप कुणालाच येत नव्हतं. आपल्याकडे खोली आहे, सोबती आहेत, अकरावीचं पुस्तक तर ट्रंकेत तळाशी असेलच. तेवढं वर काढा!

एम-वनसाठी सर्वांना मनापासून शुभेच्छा!