अंगणापर्यंत चालत गेलेली शाळा

गावात शाळा आहे, गुरुजी आहेत, फळा आहे, खडू आहे. तरी पोर काही शाळेत येत नाही. मग चावडीवर बसून आपण काय म्हणतो? "आईबापांनाच आवड नाही, तिथं गुरुजी काय करणार!" असं म्हटलं की आपली जबाबदारी संपली. पण 'आवड नाही' हे उत्तर मान्य न करता थेट त्या पोराच्या दारापर्यंत चालत गेलेल्या एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्या म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत कपाळी वैधव्य आलं. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा संमत झाला १९२९ साली. म्हणजे त्या मुलीच्या बाजूनं बोलायला तेव्हा कायदाही नव्हता. घरच्यांनी मात्र तिला शिकू दिलं. तेवढ्या एका धाग्यावर पुढचं सारं आयुष्य उभं राहिलं. अनुताई शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यात चांदवडला, मग पुण्यात हुजूरपागेत त्यांनी शिकवलं. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत अभ्यास, असं करून त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मिळवली.

१९४५ साली बोरिवलीला ग्रामसेविकांचं एक शिबिर भरलं होतं. तिथं त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेलं. शहरातल्या बालमंदिराचा खर्च खेड्याला झेपत नाही, तेव्हा खेड्याचं बालशिक्षण खेड्यातूनच उभं राहिलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्याच वर्षाच्या अखेरीस डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई त्यांच्या जोडीला गेल्या. पुढं दहा-अकरा वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेलं.

आता खरी गोष्ट पुढंच आहे. पाड्यावरची मुलं शाळेत का येत नाहीत, हे या दोघींनी एकेक करून पाहिलं. एक मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. आई कामावर जाते, त्याला कुणी सांभाळायचं? एक मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागं रानात असतो. चार वर्षांचं लेकरू येत नाही, कारण शाळा लांब आणि त्याला सगळं परकं वाटतं. पाहा, यात 'आवड नाही' असं कारण कुठं आहे?

कारण कळलं की उपाय सापडतो. भावंडासाठी पाळणाघर, शेजारी बालवाडी, तिला लागून प्राथमिक शाळा. तिन्ही एकाच आवारात. बहिणीनं भावाला पाळण्यात ठेवावं आणि आपण वर्गात बसावं. या योजनेला नाव दिलं विकासवाडी. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. आणि लहानग्यांसाठी शिक्षिका पाड्यावरच्या अंगणात जाऊ लागली. मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. ही झाली अंगणवाडी. साधनं कुठली? शिंपले, चिंचोके, खडे, पानं, माती. मोजणी शिकायला चिंचोका पुरतो, त्याला विकतचा मणी लागत नाही.

१९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज तुमच्या गल्लीतली अंगणवाडी पाहाल, तेव्हा तिचं मूळ आठवा.

तुम्ही म्हणाल, अनुताई मोठ्या. आम्ही साधी माणसं, आम्हांला काय जमणार? पण लक्षात घ्या, त्या तिथं गेल्या तेव्हा एक पगारी शिक्षिकाच होत्या. मुलाची बाजू घ्यायला हुद्दा लागत नाही. मुलाला मत नाही, पैसा नाही, अर्ज लिहिता येत नाही. ग्रामसभेत त्याच्यासाठी कोण उठणार? कुणीतरी मोठ्या माणसानंच उठायला हवं.

गैरहजर मुलांची यादी प्रत्येक शाळेत असते. त्या प्रत्येक नावापुढं खरं कारण लिहा, आणि ते कारण घरी जाऊन विचारा. रागावून नव्हे, ओट्यावर बसून. दिवाळी सरली की ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर पोरं जातात आणि वर्ग ओस पडतो. त्यांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ती आपल्या गावात व्हावी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीनं वेळेवर मागणी केली पाहिजे. जानेवारीत जाग येऊन काय उपयोग!

आणि कायद्याचं बळ आज तुमच्या हाती आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे; आपल्या राज्यात गावपातळीवर ते रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावर आहे. कुठलंही मूल संकटात दिसलं तर १०९८ हा क्रमांक फुकट लागतो. मुलांना तो पाठ करायला लावा.

अनुताई १९९२ साली गेल्या. तेराव्या वर्षी ज्या मुलीची बाजू घ्यायला कायदा नव्हता, तिनं पुढं अर्धं शतक दुसऱ्यांच्या मुलांची बाजू घेतली. उद्या सातवीतली एखादी पोरगी चार दिवस वर्गात दिसली नाही, तर पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. शाळा सुटल्यावर तिच्या अंगणापर्यंत जाऊन या.