एका संगणकास अनेक यूएसबी संगीत-नियंत्रक : वीजपुरवठ्याचा विचार

घरगुती ध्वनिमुद्रण कक्षात एकाच संगणकास अनेक यूएसबी संगीत-नियंत्रक जोडले असता वादन चालू असतानाच एखादा नियंत्रक बंद पडतो. प्रस्तुत लेखात याची कारणमीमांसा केली आहे. माहितीची गर्दी हे त्याचे कारण सहसा नसते. १९८३ च्या मूळ मिडी प्रमाणात संदेशांचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे; १९९६ च्या पहिल्या यूएसबी प्रमाणाची क्षमताही १ कोटी २० लाख बिट होती. अडचण बहुधा विजेची असते. प्रमाणानुसार यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये तोच विभागला जाऊन प्रत्येक साधनाच्या वाट्यास १०० मिलिअँपिअर येतात. सबब, नियंत्रकांसाठी अ‍ॅडॅप्टरवर चालणारा हब घ्यावा आणि ध्वनिमुद्रणाचा इंटरफेस थेट संगणकास जोडावा.